अमावस्येचा बॅकअप

आदिलाबादच्या मेकॅनिकनं माझ्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढली, कानाला लावली आणि डोळे मिटले. मग काही न बोलता ती माझ्या कानाला लावली. आतून टक्... टक्... टक्... असा संथ आवाज येत होता. मला हायसं वाटलं.

"चालू आहे ना?"

"नाही साब. डोकं आपटून राहिली."

मग त्यानं समजावून सांगितलं. आत फिरत्या तबकडीवर एक बारीक मुंडकं असतं. ते आपली जागा शोधायला जातं, जागा सापडत नाही, परत येतं, पुन्हा जातं. लग्नाच्या मांडवाबाहेर चपला शोधणारा माणूस असतो ना, तसं. फरक एवढाच की तो माणूस शेवटी कोणाच्या तरी चपला घालून घरी जातो.

"यातलं काढता येते का?" मी विचारलं.

येतं म्हणाला. हैदराबादला न्यायची, धुळीचा कण नसलेल्या खोलीत उघडायची, आतले भाग बदलायचे. खर्च त्यानं सांगितला तो साधारण एका दुभत्या म्हशीएवढा होता, आणि दूध निघेलच याची हमी नव्हती. धुळीचा कण नसलेली खोली म्हणजे काय, याचाच विचार करत मी भीमपूरला परतलो. कापसाच्या दिवसांत आमच्या भाकरीवरसुद्धा बोंडाचा कचरा असतो.

काय काय गेलं? आठ वर्षांचे कापसाचे हिशेब, काट्याच्या चिठ्ठ्यांसकट. लेकीच्या लग्नाचे चार हजार फोटो. शेताच्या कागदांची स्कॅन. आणि वडिलांची भजनं, कॅसेटवरून उतरवून घेतलेली. कॅसेटी अजून पत्र्याच्या पेटीत आहेत, पण त्यांच्या रिबिनीवर बुरशीनं संसार थाटलाय.

हा कॉम्प्युटर मी मे २०१४ मध्ये घेतला. दुकानाच्या पावतीवर आंध्र प्रदेश. जोडून चालू होईपर्यंत २ जून उजाडला आणि घर तेलंगणात गेलं. २०१६ च्या ऑक्टोबरात जिल्ह्याची फेररचना झाली, तेव्हा तामशी मंडळातलं भीमपूर स्वतःच मंडळ झालं. त्याआधी आजोबांच्या काळी हेच घर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. १९५६ साली शेजारचे किनवट आणि राजुरा हे तालुके मराठी म्हणून तिकडे गेले, आम्ही मराठी असून इकडे राहिलो. म्हणजे फाइल जागची हलली नाही, वरचे फोल्डर तेवढे बदलत गेले. एवढ्या उलथापालथीत आमच्या घरातला एक कागद हरवला नव्हता. हरवलं ते सगळं एका डब्यात ठेवलं म्हणून.

खरं तर दोन-दोन ठेवण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पैनगंगेच्या अलीकडे तेलंगणा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. त्यामुळे माणसागणिक दोन भाषा आणि मोबाइलमध्ये दोन सिम, एक इकडचा टॉवर धरणारं आणि एक तिकडचा. भिंतीवर दोन कॅलेंडरं, एक मराठी, एक तेलुगू. सुदैवानं दोन्हीकडचा महिना अमावस्येला संपतो आणि पाडवा अन् उगादी एकाच दिवशी येतात, म्हणून पुरणाचा घोळ होत नाही. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेलेला माणूस "दहा काढ" म्हणतो. का दहा, हे त्याला विचारू नये. लागतात.

पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या शेताची खासरा पहाणी आहे, १९५४-५५ ची, उर्दूत. घरात ती कोणाला वाचता येत नाही. पण तिच्या चार नकला आहेत: एक पेटीत, एक थोरल्या काकांकडे, एक लेकीच्या सासरी आणि एक देव्हाऱ्यात बाळकृष्णाखाली. सत्तर वर्षांत तिला वाळवी लागली, पाणी लागलं, एकदा बकरीसुद्धा लागली. तरी ती आहे. माझी हार्ड डिस्क आठ वर्षांत गेली, तिला कोणी हातही लावला नव्हता.

ज्या गावात न वाचता येणाऱ्या कागदाच्या चार नकला ठेवतात, त्या गावात वाचता येणाऱ्या गोष्टींची दुसरी नक्कल ठेवायचं मला का सुचलं नसेल? उत्तर लाजिरवाणं आहे. मला वाटायचं, कॉम्प्युटरमध्ये ठेवणं हाच बॅकअप.

आधी गेलेलं गोळा करायला निघालो. नातेवाइकांना निरोप गेला: लग्नाचे जे काही फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असतील ते पाठवा. दोन दिवसांत बाराशे फोटो आले. व्हॉट्सॲपनं ते वाटेत पिळून काढलेले, त्यामुळे मोठे करून पाहिले की नवरी पोह्यांसारखी दिसायची. मावशीच्या संग्रहातल्या फोटोंवर गुलाबाची फुलं आणि 'शुभ सकाळ' होतं. एका फोटोत गुलाब नेमका जावयाच्या तोंडावर. मेहुण्याच्या प्रतीत विहीणबाई कुठंच नव्हत्या, त्यानं कडेनं कापून टाकल्या होत्या. त्यामागचं राजकारण जुनं आहे, इथं नको.

पैनगंगेच्या काठाकाठानं वर गेलं की माहूर लागतं, महानुभावांचं पवित्र स्थान. त्या पंथाचं 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लिहून काढलं. पुढं खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि शिष्यांनी आपापल्या आठवणीतून ती पुन्हा उभी केली. म्हणून तिचे अनेक पाठ झाले. पुढं त्यांनी पोथ्या सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक लिपीत लिहिल्या. आमच्या पुतण्याच्या भाषेत, पासवर्ड टाकला. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तेव्हा संताजी जगनाड्यांच्या हातची प्रत होती, असं परंपरा सांगते. लेकीच्या लग्नाचं माझ्या घरी तेच झालं, फक्त माझ्या नात्यात संताजी कोणी निघाला नाही. सगळे पाठभेदवाले.

वडिलांच्या भजनांचं तर कोणाकडे काहीच नव्हतं. मग एके दिवशी चहाच्या टपरीवर बसलो असताना एका म्हाताऱ्याचा मोबाइल वाजला आणि त्यातून वडील गायला लागले. त्यानं कधी तरी माझ्याकडून घेऊन रिंगटोन लावली होती. अठ्ठावीस सेकंद. मागं बैलाच्या गळ्यातली घंटा. त्यानं फोन उचलला आणि वडील मध्येच थांबले. मी त्याला म्हटलं, बाबा, उचलू नका, पुन्हा वाजू द्या. तो म्हणाला, "जावयाचा फोन हाय, काहून नाही उचलू?"

यानंतर मी बॅकअपच्या मागं लागलो.

पुतण्या हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं फोनवर सूत्र सांगितलं: तीन, दोन, एक. कोणत्याही गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. हे सूत्र पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारानं २००५ च्या सुमारास आपल्या पुस्तकातून रूढ केलं म्हणे. पुतण्याला वाटलं काका भारावतील. मी म्हटलं, अरे, खासरा पहाणीचं सूत्र तर चार, चार, दोन आहे आणि ते तुझ्या पणजीनं रूढ केलं.

मग त्यानं 'टॉय स्टोरी २' या कार्टून सिनेमाची गोष्ट सांगितली. १९९८ साली तो बनत असताना कोणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि पडद्यावरची चित्रं डोळ्यांदेखत पुसली जाऊ लागली. बॅकअपच्या टेपा काढल्या तर त्यांत धड काही उतरलंच नव्हतं. एवढ्या मोठ्या पिक्सार कंपनीला शेवटी वाचवलं एका बाळंतिणीनं. ग्यालिन सुसमन नावाच्या बाई बाळासाठी घरून काम करायच्या, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती. तो कॉम्प्युटर पांघरुणात गुंडाळून गाडीतून ऑफिसात आणला. ही गोष्ट मी बायकोला सांगितली. तिला फक्त एवढंच पटलं, की बाळंतिणीला कामाला लावलं.

पुतण्याचा आग्रह क्लाउडचा. गुगल १५ जीबी फुकट देतं. पूर्वी फोटोंना मोकळं रान होतं, ते १ जून २०२१ पासून बंद झालं, त्यापुढं पैसे. पैशाचं मी समजू शकतो. पण माझ्याकडे पुन्हा जमलेलं सगळं मिळून २०० जीबी होतं, आणि आमच्या घरून वर चढण्याचा वेग सेकंदाला दोन मेगाबिट, तोही हवा चांगली असेल तर. मी कापसाचा हिशेब करतो त्या वहीत हिशेब मांडला: नऊ दिवस आणि सहा तास. म्हणजे नवरात्र. घट बसवल्यासारखा कॉम्प्युटर बसवायचा, तो हलवायचा नाही, समई विझू द्यायची नाही, आणि दसऱ्याला सकाळी उठून पाहायचं की माळ पूर्ण झाली का. दुसऱ्या माळेला लाईट गेली. मी शेतातल्या मोटारीसाठी रात्री जागतो, फोटोंसाठी जागणार नाही म्हणून सांगितलं.

त्याआधी जावयानं वेगळंच बसवून दिलं होतं. मोबाइल आणि कॉम्प्युटर एकमेकांशी जोडलेले. इथं ठेवलं की तिथं आपोआप दिसतं. मला तो बॅकअपच वाटला. बायकोनं मोबाइलमध्ये जागा करायला 'नको ते' काढून टाकलं. इथं काढलं की तिथूनही आपोआप जातं, हे त्या व्यवस्थेचं दुसरं अंग. पुसलेलं तीस दिवस कचरापेटीत राहतं. मला एकतिसाव्या दिवशी कळलं. सावली म्हणजे दुसरा माणूस नव्हे. आपण विहिरीत पडलो की तीही पडते.

सगळ्यात मोठा पराक्रम मात्र माझा स्वतःचा. मी बाहेरून लावायची हार्ड डिस्क घेतली, मग पहिलीला सोबत म्हणून दुसरी घेतली. पुतण्यानं दोन ओळींची एक फाइल लिहून पाठवली. दोनदा टिचकी मारायची की पहिलीवरचं सगळं दुसरीवर. आत रोबोकॉपी नावाची विंडोजमधलीच आज्ञा होती, तिला जोडून 'मिरर' हा पर्याय. मिरर म्हणजे पहिलीत जे आहे तेच दुसरीत करायचं, आणि पहिलीत जे नाही ते दुसरीतून पुसायचं. पुतण्यानं सांगितलं होतं, आधी जुनी लावा, मग नवी. मी आधी नवी लावली, मग जुनी. कॉम्प्युटरनं कोऱ्या डिस्कला पहिली समजलं आणि जुनीला दुसरी. टिचकी मारली. काळ्या चौकटीत अक्षरं सरसर धावली आणि काम झटक्यात संपलं. मी म्हटलं, वा, नऊ दिवसांचं काम क्षणात!

शून्याची इतकी हुबेहूब नक्कल आजवर कोणी केली नसेल. दोष आज्ञेचा नाही, तिनं सांगितलं ते केलं. आमच्या बैलाला 'डावीकडे' म्हटलं तरी तो आधी मान वळवून बघतो की मालक शुद्धीवर आहे का. मशीन बघत नाही.

पुन्हा नातेवाइकांना निरोप. मेहुण्याचा फोन आला: "भाऊजी, लगन तुमच्या पोरीचं, अन् दर साली मेहनत आमची?" मावशीनं या वेळी फोटोंवर 'शुभ रात्री' घातलं.

तेव्हा ठरवलं की आता हुशारी बंद. हुशार बॅकअप आपल्याला झेपत नाही. जे अंगवळणी आहे त्यालाच हे बांधायचं. जगात ३१ मार्चला 'बॅकअप दिवस' पाळतात म्हणे. आमच्याकडे ३१ मार्चला पीककर्जाचं नवं-जुनं करायला अख्खं गाव बँकेत असतं, त्या दिवशी माणसाला स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ. रविवार आम्हाला कळत नाही. कळते ती अमावस्या. त्या दिवशी औत जुंपत नाहीत, बैल मोकळे, माणूस मोकळा. वर्षातून बारा वेळा, अधिक महिना आला तर तेरा. ती आल्याचं सांगायला घड्याळ लागत नाही, दोन्ही कॅलेंडरं सांगतात, वर सासूबाई सांगतात.

बायको म्हणाली, "अमावस्येले कोणतं नवं काम करतेत?" मी म्हटलं, हे नवं काम नाही, जुन्याचीच नक्कल आहे. यावर शास्त्रात काही सापडेना म्हणून ती गप्प बसली.

रीत अगदी अडाणी आहे. कॉम्प्युटरवर जे जपायचं ते सगळं एकाच फोल्डरमध्ये. नाव 'घर'. पूर्वी अर्धं डेस्कटॉपवर, अर्धं डाउनलोडमध्ये, काही 'नवीन फोल्डर', काही 'नवीन फोल्डर २' असं विखुरलेलं असायचं. ते उचलून एका छपराखाली आणायलाच दोन अमावस्या गेल्या. आता अमावस्येला डिस्क लावायची, 'घर' उचलायचं, तिकडं ठेवायचं आणि त्या नकलेला महिन्याचं नाव द्यायचं: घर-आषाढ, घर-श्रावण. जागा संपत आली की सगळ्यात जुना महिना काढायचा. पुसायचं काम हातानं, डोळे उघडे ठेवून. मग डिस्क काढून पेटीत, खासरा पहाणीच्या शेजारी. काढून ठेवायची हे महत्त्वाचं. जोडलेली राहिली तर वीज कोसळली तरी दोन्ही जातात आणि व्हायरस आला तरी दोन्ही जातात. २०१७ साली 'वॉनाक्राय' नावाचं लचांड जगभर पसरलं, तेव्हा फाइलींना कुलूप लावून ते खंडणी मागत होतं. पत्र्याच्या पेटीत त्याला शिरता आलं नसतं. तिचं झाकण मलाच उघडत नाही.

दुसरी डिस्क मेहुण्याकडे, नदीपलीकडे. दर अमावस्येनंतर कोणीतरी इकडून तिकडे जातंच, त्याच्या थैलीत डिस्क जाते आणि आधीची परत येते. क्लाउड आहे, फक्त थैलीतला. वेगही वाईट नाही: २०० जीबी अर्ध्या दिवसात, वाटेत एक चहा धरून.

यात एकच अडचण येते, तिला पट्टे आहेत. नदीपलीकडे टिपेश्वर अभयारण्य आहे, दीडशे चौरस किलोमीटरच्या आतलं. वाघ वाढले, जागा वाढली नाही, म्हणून ते पैनगंगा ओलांडून आमच्या शिवारात येतात. त्यांना कुठला टॉवर पकडायचा हा प्रश्न नसतो. वाघ दिसला की पराटीत कापूस वेचायला कोणी जात नाही, आणि सांजच्या पारी गाडीवर डिस्क घेऊन निघायला तर कोणीच धजत नाही. गेल्या कार्तिकातला बॅकअप यामुळे तीन आठवडे उशिरा पोचला. पुतण्यानं विचारलं, काका, नेटवर्कचा प्रॉब्लेम होता का? म्हटलं, हो, त्याच घराण्यातला. याच टिपेश्वरचा एक वाघ २०१९ मध्ये निघाला तो महाराष्ट्र-तेलंगणातून तीन हजारांवर किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत जाऊन राहिला. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याची वाट नोंदवलेली आहे. वाघ कुठून कुठं गेला हे जगाला ठाऊक, आणि मला लेकीच्या मंगलाष्टकांचा व्हिडिओ कुठं गेला हे सांगता येत नव्हतं.

एवढं करूनही मन खात होतं. पिक्सारवाल्यांच्याही टेपा होत्याच की. त्या लागत नव्हत्या, एवढंच. तेव्हा मृगाच्या आधीचे दिवस होते आणि अंगणात बायको सोयाबीनची उगवण बघायला बसली होती. घरचं बियाणं कणगीत भरून ठेवलं म्हणजे ते बियाणंच राहिलं असं नसतं. म्हणून ओलं गोणपाट पसरायचं, त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी, शंभर दाणे मोजून ठेवायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी उलगडायचं आणि मोड मोजायचे. सत्तरच्या वर निघाले तर नेहमीच्या मापानं पेरा. कमी निघाले तर माप वाढवा किंवा बियाणं बदला. बायको बोटानं एकेक दाणा सरकवत मोजत होती; कुजलेला दाणा दिसला की तो ओळीबाहेर काढायची, पण आकड्यातून वगळायची नाही.

मी आत गेलो, मेहुण्याकडून आलेली डिस्क लावली आणि डोळे मिटून दहा फाइली निवडल्या. हिशेब उघडला. पहाणी उघडली. पोह्यांसारखी नवरी उघडली, गुलाबासकट. अठ्ठावीस सेकंदांचे वडील उघडले, शेवटपर्यंत वाजले. एक व्हिडिओ उघडेना. दुसऱ्या महिन्याच्या नकलेत बघितला, तिथं उघडला.

आणि तेवढ्यात 'घर-वैशाख'च्या खाली एक अनोळखी फोल्डर दिसलं. नाव: 'भाऊजी हात लावू नका'. आत मेहुण्याचे एक्केचाळीस तेलुगू सिनेमे, हिंदीत डब केलेले. त्याच्या मोबाइलमध्ये जागा संपली होती, म्हणून माझ्या डिस्कवर आणून ठेवले आणि मोबाइलमधून पुसले. म्हणजे त्याच्या सिनेमांची जगात ही एकच प्रत, आणि ती माझ्याकडे. फोन लावला तर म्हणाला, "मग काय झालं? तुमचं आमच्याकडं ठेवतो, आमचं तुमच्याकडं ठेवलं."

ते सिनेमे मी दुसऱ्या डिस्कवरही उतरवून घेतले. नाइलाज होता, तीन-दोन-एक माझ्याही अंगात भिनलंय. घर-वैशाखला पहिल्यांदाच हातापायांची मारामारी आणि हवेत उडणाऱ्या जीपगाड्या चिकटल्या.

बाहेरून बायकोनं हाक मारली, "सत्त्याहत्तर! तुमचे किती?"

"दहातले नऊ."

"दहावा?"

"दुसऱ्या पोत्यात उगवला."

तिनं गोणपाट झटकलं, हात पुसत आत आली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "या एक्केचाळीसमधला पहिला कोणता, तो लावा बरं. आज औत नाही."